अप्पांचं घड्याळ आणि सोनेरी चमकी

असल्या गोष्टी मी मानत नाही... मानणार तरी कशी? जादूगाराच्या घरात वाढलेय. आळंद तालुक्यातलं निंबर्गा आमचं गाव. अप्पा, म्हणजे माझे वडील, शेती सांभाळून तीस वर्षं शाळाशाळांतून जादूचे प्रयोग करतात. प्रत्येक खेळ संपला की तो पोरांसमोर उघडून दाखवतात — "मंतर न्हाई, हात हाय नुसता!" कुणाची वस्तू घेतली तर ती त्याच्याच जेवणाच्या डब्यातून परत काढायची, हा त्यांचा नियम. ती गुपचूप डब्यात ठेवायचं काम लहानपणी माझं. लाजऱ्या मुलीकडे कोण बघतंय?

गेल्या वर्षी एका चॅनेलने जादूगारांचा अवॉर्ड शो ठेवला. अप्पांना 'ज्येष्ठ कलाकार' म्हणून हैदराबादला शूटिंगला बोलावलं. त्यांनी नवा कोट शिवला, भाषण पाठ केलं. मी सोबत गेले.

इतका भिकार प्रकार मी दुसरा पाहिला नाही. प्रेक्षकांचे थक्क झालेले चेहरे जादू सुरू व्हायच्या आधीच शूट केले. "अजून शॉक द्या, मॅडम!" — हे मला. ट्रॉफी म्हणजे प्लास्टिकची टोपी, त्यात एका कानाचा ससा. 'मॅजिशियन ऑफ द इयर' हातांपासून केसांपर्यंत सोनेरी चमकी फासून आला. न विचारता अप्पांच्या मनगटावरचं घड्याळ काढलं, गायब केलं, टाळ्या घेतल्या आणि निघून गेला. अप्पांचा सत्कार? वेळ संपली म्हणे.

"घड्याळ कुरिअर करू," कोऑर्डिनेटर फोनमधून डोकं वर न काढता म्हणाली.

ते घड्याळ एका हेडमास्तरांनी निवृत्त होताना अप्पांना दिलेलं. आयुष्यातला एकच सत्कार. परतीच्या बसमध्ये अप्पा एवढंच बोलले, "घेतलेलं परत देता येत न्हाई, त्यो कसला जादूगार?"

महिना गेला. कुरिअर आलं नाही, फोनही उचलेनात. मग एका रविवारी सकाळी शो लागला. अप्पा बघायला थांबले नाहीत. मी भरून दिलेला डबा घेऊन ते शेतात गेले. मी एकटीने पाहिला. घड्याळाचा खेळ सगळा कापलेला. अप्पांचं फक्त एक कोपर दिसलं.

दुपारी मी सांगायला शेतात गेले. अप्पा जेवायलाच बसत होते.

"काय दाखवायलेत?"

"तुमचं काढून टाकलंय, अप्पा."

"कामून?"

त्यांनी डबा उघडला, भाकरी उचलली... खाली घड्याळ.

तेच. पट्ट्याला मी खिळ्याने पाडलेलं वाकडं भोक, आणि त्या भोकात अडकलेली सोनेरी चमकी.

अप्पांनी माझ्याकडे पाहिलं. मग असे हसले की डोळ्यांत पाणी आलं. "माझ्याच डब्यात! बापाला फसवलीस की गं!" भाकरी बाजूला ठेवून त्यांनी टाळ्या वाजवल्या. तिथे मी सोडून कुणी नव्हतं.

डबा मीच भरला होता. भाकरीखाली शेंगाचटणी होती, दुसरं काही नव्हतं. "मी नाही ठेवलं," हे मी तेव्हाच सांगितलं, नंतर कितीदा तरी सांगितलं. करणीबिरणी आमच्या घरात कुणी बोलत नाही, आणि हाताचा म्हणावा तर असा खेळ मला येत नाही.

काल जेवताना त्यांनी पुन्हा विचारलं, "आता तरी उघडून दाखव. आपल्यात लपवत न्हाईत. का तूबी त्या टीव्हीवाल्यासारखी झालीस?"

मी काय उघडून दाखवू?