रुमाल टाकलेली गोष्ट

चार माणसं एकत्र काम करायला लागली की किस्से साचतातच. आमच्या डिपार्टमेंटमध्ये तर माणसंच तीन होती, त्यामुळे प्रत्येकाच्या वाट्याला भरपूर आले. विषय जुन्या आयर्लंडचा, म्हणजे हजारेक वर्षांपूर्वीची भाषा, कथा, कायदे, हस्तलिखितं. शहर लंडन. माणसं म्हणजे म्हातारे प्रोफेसर कॉर्मक, तिखट जिभेची हेलन आणि मी, मूळची साताऱ्याची, आता लंडनच्याच हॅरो उपनगरातली. डिपार्टमेंट आता बंद झालंय, म्हणून सांगायला हरकत नाही.

*

हॅरोतल्या दिवाळीच्या कार्यक्रमात देशपांडेकाका मला दरवर्षी गाठतात.

"काय गं, तुझं ते आयरिश अजून चालू आहे का?"

"हो काका."

"म्हणजे आयर्लंडला ये-जा करावी लागते?"

"नाही हो, हजार वर्षांपूर्वीचं आहे ते. इथेच बसून वाचते."

काकांनी चकली मोडली, जरा विचार केला आणि माझ्या नवऱ्याकडे वळले. "सचिन, तुझा जॉब तरी पर्मनंट आहे ना?"

मीही सगळ्यांबरोबर हसले. घरी जाताना मात्र गाडीत रेडिओ मोठा केला.

*

आमच्या विषयात एक अलिखित नियम आहे. एखादी जुनी कथा कुणी संपादनाला घेतली, की बाकीच्यांनी तिला हात लावायचा नाही. एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून सीट पकडतात ना, तसंच. फरक एवढाच, की इथे रुमाल टाकणारा बसमध्ये चढेलच असं नाही!

एक कथा आहे. राजाची बहीण समुद्रातल्या एका बेटावर जाते आणि परत यायला साफ नकार देते. ही कथा एकाच हस्तलिखितात उरलीय, आणि त्याचं शेवटचं पान इतकं काळवंडलंय की ते कुणी धड वाचलेलंच नाही. ती बाई शेवटी काय करते, हे कुणालाच माहीत नाही. पीएचडीला आले तेव्हा मला तीच कथा हवी होती.

"ती विसर," हेलन म्हणाली. "ती कॉर्मक करतायत."

"कधीपासून?"

"तुझा जन्म कधीचा?"

मग मी शेजाऱ्याची गाय कुंपणात शिरली तर काय करायचं, याच्या कायद्यांवर पीएचडी केली. त्या गाईने माझी उमेदीची वर्षं खाल्ली. दर ख्रिसमसच्या जेवणात मी विचारायची, "सर, ती बेटाची कथा कुठवर आली?"

सर काटा खाली ठेवून गोड हसायचे. "जवळजवळ झालंच."

*

दर मंगळवारी आम्ही टेबलाभोवती बसून एका साधूचं चरित्र वाचायचो. प्रत्येकाने पाळीपाळीने एकेका ओळीचा अर्थ लावायचा. एका क्रियापदावर दोन मंगळवार सहज जायचे.

एकदा एक नवी विद्यार्थिनी आली. तिने तासभर सगळं मन लावून ऐकलं आणि विचारलं, "पण शेवटी त्या साधूचं काय होतं?"

सर ओशाळून म्हणाले, "अजून तिथवर पोचलो नाही आम्ही."

पुढच्या मंगळवारपर्यंत ती बिझनेस मॅनेजमेंटला गेली होती.

*

मग युनिव्हर्सिटीचा रिव्ह्यू आला, कुठलं डिपार्टमेंट ठेवायचं ते ठरवणारा. मॅनेजमेंटकडून एक तरुण साहेब रंगीत स्लाइड्स घेऊन आले.

"तुमचे स्टेकहोल्डर्स कोण?" त्यांनी विचारलं.

"ही हस्तलिखितं लिहिणारे मठातले भिक्षू," हेलन म्हणाली.

"छान! त्यांचा फीडबॅक मिळेल का?"

"ते वारले."

साहेबांचा चेहरा पडला. "ओह, आय ॲम सो सॉरी. रीसेंटली?"

आठवडाभर आम्ही यावर हसत होतो. त्यानंतर ईमेल आला. डिपार्टमेंट उन्हाळ्यात बंद! खाली 'बदलाचं आनंदाने स्वागत करा' या वेबिनारची लिंक होती. मी टॉयलेटमध्ये जाऊन पोटभर रडले. बाहेर आले तर हेलन बेसिनपाशी तोंड धूत होती, तिचेही डोळे लाल.

"वेबिनारला येतेयस ना?" ती म्हणाली.

*

शेवटच्या मंगळवारी आम्ही तिघंच उरलो होतो. सामान हलवणारी माणसं पुस्तकांची शेल्फं उचलत होती. मध्येच सर उभे राहिले, कोटाची बटणं लावली आणि समोर भरलेलं सभागृह असावं तसं त्यांनी जाहीर केलं, की बेटाच्या कथेवरचा हक्क मी सोडतोय, आजपासून ती हिची.

मग माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "आता मला ते शेवटचं पान दिसतच नाही. दिसत होतं तेव्हा वाटायचं, घाई काय आहे?"

शेल्फ धरलेल्या माणसाला काय कळलं देव जाणे, पण त्याने शेल्फ खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. मग आम्हीही वाजवल्या. इतकी वर्षं जे हवं होतं ते मिळालं, आणि त्याच संध्याकाळी मी माझं ओळखपत्र परत केलं.

*

आता मी लंडनजवळच्या स्लाऊला एका वेअरहाऊस कंपनीत असते. परत आलेल्या पार्सलांच्या तक्रारी बघते. पगार बरा आहे, काकांनी तर फोन करून अभिनंदन केलं. सर मागच्या हिवाळ्यात गेले. कधीतरी रविवारी मी त्या काळ्या पानाचा फोटो लॅपटॉपवर उघडते. पहिला शब्द लागतोय असं वाटतं, तेवढ्यात वॉशिंग मशीन वाजतं. पूर्वी अशा वेळी रडू यायचं. आता येत नाही, त्याची जास्त भीती वाटते.

गेल्या आठवड्यात पोलंडमधल्या एका मुलीचा ईमेल आला. फार अदबीने लिहिलं होतं तिने. राजाच्या बहिणीची कथा तिला मनापासून आवडलीय, पीएचडीला तीच घ्यायची आहे. पण तुम्ही त्यावर काम करताय असं कळलं. तसं असेल तर मी अर्थातच हात लावणार नाही, दुसरं काहीतरी बघेन. फक्त कुठवर आलंय, तेवढं सांगाल का?

सचिनने ठेवलेला चहा गार झाला. मग उत्तर टाइप केलं.

"जवळजवळ झालंच."