बावीस मिनिटं उभं राहिलेलं गाव

आमच्या लाइट्रिम जिल्ह्यात पिशवीवाला पाइप वाजवणारे पुष्कळ झाले, पण दूध काढायच्या मशीनबरोबर पाइप वाजवणारा एकच. माझा धाकटा भाऊ, फिंटन डोलन. आणि ते मशीन कोणाचं? माझं. बँड कोणामुळे झाला ते मी सांगत नाही, तुम्हीच समजून घ्या.

मी शाळा सहावीतच सोडली, पण कान माझा पक्का. त्र्याहत्तरच्या हिवाळ्यात फिंटन गोठ्यात बसून पाइप वाजवायचा. काखेत पिशवी, कोपरानं हवा दाबायची. शेजारी माझं मशीन, चकफूस, चकफूस. एका सकाळी तो म्हणाला, "दादा, ऐक. हा ताल कुठल्याही ढोलवाल्याला जमायचा नाही."

"ढोलवाला दूधही देत नाही," मी म्हटलं.

पोस्टातली अट्रॅक्टा फिडल, म्हणजे आपलं व्हायोलिन, घेऊन आली आणि बँड झाला. नाव 'ओला कोट', कारण त्या गोठ्यात यांचे कोट कधी वाळलेच नाहीत. तीन ठिकाणी वाजवलं. पहिल्या ठिकाणी अर्धे लोक उठून गेले, दुसरीकडे सगळे गेले, तिसरीकडे पबचा मालकच गेला.

मग इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीहून मामाचं पत्र आलं. रस्ते खणायचं काम आहे, पोराला पाठवा. आईनं बोटीचं तिकीट काढून भिंतीवरच्या क्रॉसच्या मागे खोचून ठेवलं. फिंटन जेवेना. नुसता बटाटा चिवडत बसायचा.

शेवटी मीच फादर लोहानकडे गेलो. गावचा हॉल त्यांच्या हातात.

"फादर, रविवारी दुपारी हॉल द्या पोरांना. नाही तर फिंटन इंग्लंडला जातो."

"त्या गोठ्याच्या बँडला? रविवारी बिंगोचा खेळ असतो, मॅलकी."

"एकदा ऐका तरी!"

"बरं, एकच रविवार. शेवटपर्यंत निम्मे लोक थांबले तर दर रविवार तुमचा. नाही तर मी स्वतः त्याला बोटीवर सोडतो."

मशीन मी ट्रॅक्टरवर घालून नेलं. साठ लोक आले, कारण चहा आणि केक फुकट. केक माझ्या बायकोचा. असा केक अख्ख्या जिल्ह्यात नाही.

आता आमच्याकडे कार्यक्रम संपला की राष्ट्रगीत वाजतं. त्याचे सूर कधीही कानावर पडले की ताठ उभं राहायचं, खोकायचंसुद्धा नाही. फिंटननं डोळे मिटले, पहिले चार सूर संथ काढले, ते नेमके राष्ट्रगीतासारखे, आणि पुढच्या रांगेतले बार्टली काका ताडकन उभे! हे काका तरुणपणी इंग्रजांविरुद्ध देशासाठी बंदूक घेऊन डोंगरात राहिलेले. ते उभे म्हटल्यावर बसायची छाती कोणाची? साठच्या साठ उभे. फादरही उभे, गालात केक तसाच.

पाचव्या सुराला फिंटन भलतीकडेच गेला. मशीन सुरू झालं. पण आधी बसणार कोण?

"हे काय रे?" कसायाची बायको ओठ न हलवता नवऱ्याला म्हणाली.

"राष्ट्रगीत."

"त्यात मशीन?"

"सरकारनं बदललं असेल. गप उभी राहा."

बावीस मिनिटं. फिंटननं डोळे उघडले तर समोर अख्खं गाव उभं. पोराच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी.

मग अट्रॅक्टानं फिडलवर खरं राष्ट्रगीत सुरू केलं आणि लोक, राष्ट्रगीत एकदाचं संपलं असं समजून, हुश्श करून धपाधप खाली बसले. पाय भरून आले होते सगळ्यांचे. बार्टली काकासुद्धा बसले. "मगाचंच बरं होतं," म्हणाले.

फादरनं एकदाचा केक गिळला. "मॅलकी, ही लबाडी आहे."

"एकही गेला नाही, फादर. मोजा."

"अरे, पण त्यांना वाटलं..."

"काय वाटावं याची अट नव्हती."

बिंगो मंगळवारवर ढकलला गेला. 'ओला कोट' त्या हॉलमध्ये नऊ वर्षं वाजला आणि पुढंपुढं लोक बसूनही ऐकायला लागले. तिकीट अजून क्रॉसच्या मागेच आहे, पिवळं पडलंय.

फिंटन अजून सगळ्यांना सांगतो, पहिल्याच दिवशी गावानं आम्हाला उभं राहून ऐकलं. कोणी हसलं तर मी बाह्या सरसावतो. ऐकलंच होतं ना उभं राहून?