धबधबा बाहेर, तारखा आत

"घरी जुनं कॅलेंडर आसंल की! कागदाला कशाला पैसं घालवताय?"

भेटवस्तूंच्या दुकानात, खुद्द गिफ्ट पॅकिंगच्या टेबलामागे बसलेली बाई गिऱ्हाइकाला असं सांगते, हे तुम्ही कधी ऐकलंय? मी ऐकलंय. सांगलीत, लागोपाठ चार दिवाळ्या. मी विक्रीच्या काउंटरवर होते आणि काकू माझ्या शेजारच्या टेबलावर. त्यांच्या पाठीमागे चमकत्या कागदाचे रोल ओळीने उभे असत, आणि त्या रोलकडे पाठ करून काकू ते न घेण्याचा सल्ला देत.

सल्लाही नेमका असे. "निसर्गचित्राचं कॅलेंडर घ्यायचं. धबधबा भायेर, तारखा आत. देवाचं पान मातुर घ्यायचं न्हाई. उघडताना कोण फाडणार त्येला?"

एकदा एका गृहस्थांनी विचारलं, "आणि गणपतीचंच कॅलेंडर असलं तर?"

"मग शेजाऱ्याचं मागा," काकू म्हणाल्या.

कुणी विकतच्या कागदावर अडून बसलंच, तर काकू तो कमीत कमी लागेल असा कापत. वस्तू कागदावर तिरकी ठेवून चारी टोकं मध्ये आणत आणि वर एकच चिकटपट्टी लावत. मी एकदा दुसरी लावायला गेले, तर त्यांनी माझा हात धरला. "उघडणाऱ्याला कागद फाडाया लागू न्हाई. त्येला बी पुढं कुणाला तरी द्यायचं आसंल की काय तरी."

मालकांना हे सगळं ऐकू जात होतं. ते चष्मा पुसत आणि पुन्हा हिशेबाच्या वहीत डोकं घालत. काकूंच्या हाताला जी घडी होती, ती दुसऱ्या कुणाच्याच हाताला नव्हती.

चौथ्या दिवाळीला मात्र धंदा मंदा होता. त्यात तासगावकडची एक मुलगी आली. बेदाण्याच्या शेडवर काम करायची. तिचा भाऊ फौजेत होता आणि त्याला भाऊबीजेचं घड्याळ पोस्टाने पाठवायचं होतं. घड्याळ घेतलं, पण पॅकिंगच्या दराची पाटी वाचून ती म्हणाली, "ऱ्हाऊ द्या. तसंच द्या."

"थांब गं," काकू म्हणाल्या. पिशवीतून त्यांनी धुऊन ठेवलेल्या जुन्या लुगड्याचा तुकडा काढला. मला म्हणाल्या, "सुई ओवून दे. मला आता दिसत न्हाई." मी दोरा ओवून दिला. त्या डबी कापडात शिवू लागल्या. "आमचं हे फौजेत हुतं तवा मी आसंच धाडायची. हे सुट्टीवर आलं की त्याच कापडाची पिशवी करून आणायचं. टाकं लय वाकडं, पण पिशवी झकास."

मुलगी हसली. तेवढ्यात मालक उठून आले. दुकानात सात-आठ गिऱ्हाइकं होती. "काकू, माझ्याच दुकानात बसून तुम्ही माझाच धंदा बसवताय."

काकूंनी मान वर केली नाही. "एवढं चार टाकं घालती आन् उठती," म्हणाल्या. शेवटची गाठ मारली, दोरा दाताने तोडला, पार्सल मुलीच्या हातात दिलं आणि चपला घालून निघून गेल्या. मी तिथेच उभी होते. एक शब्दही बोलले नाही.

पुढच्या दिवाळीला लोक दारातूनच विचारायचे, "काकू कुठं हायत?" हातात घरून आणलेली कॅलेंडरं असायची. चार दिवस मालकांनी ऐकलं, मग मला गाडीभाडं दिलं. "मलकापूरला लेकीकडे असतात म्हणे. माझी चूक झाली म्हणावं. घेऊन ये."

मी कराडला एसटीतून उतरले आणि विचारत विचारत मलकापूरला त्यांच्या लेकीचं घर गाठलं. काकू ओसरीवर बसल्या होत्या. उजवा हात मांडीवर नुसता ठेवलेला. उन्हाळ्यात वारं गेलं होतं, त्या अंगावरून. मालकांचा निरोप सांगितला तेव्हा त्यांनी त्या हाताकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "त्यांना म्हणावं, राग न्हाई. पर यायचं कसं?"

मला राहवलं नाही. "काकू, त्या दिवशी मी गप्प राहिले."

"मग काय करणार हुतीस? भांडून दोघी बी घरी बसलो आसतो." त्या हसल्या. एका बाजूनेच. "सुई तर तूच ओवून दिलीस."

मग त्यांनी नातीसाठी आणलेला रंगपेटीचा डबा माझ्यापुढे सरकवला. लेक जुनं कॅलेंडर घेऊन आली. काकू सांगत गेल्या, मी घडी घालत गेले. दोनदा चुकले. तिसऱ्यांदा त्यांनी डाव्या हाताचं बोट कडेवरून फिरवलं आणि म्हणाल्या, "आता बरं हाय."

माघात त्या गेल्या. लेकीचा फोन आला होता.

त्यांच्या टेबलावर आता मी बसते. दिवाळी जवळ आली की कुणीतरी हमखास येतं, माझ्याकडे बघून घुटमळतं आणि विचारतं, "त्या काकू न्हाईत व्हय?"

"गावाला गेल्यात," मी म्हणते.

"येतील तवा सांगा मला," असं म्हणून तो माणूस जातो, आणि मी मान हलवते.