चिकटपट्टीखालचा हात

"हात वर कर," मोठे डॉक्टर म्हणाले.

मी केला. बायकांच्या वॉर्डात गुरुवारचा राउंड चालू होता. डॉक्टरांच्या मागे इनचार्ज सिस्टर, तिच्या मागे दोन शिकाऊ डॉक्टर, खाटांशेजारी पेशंटचे नातेवाईक. सगळे माझ्या हाताकडे बघत होते.

"हा हात कशासाठी आहे?"

मला वाटलं, उत्तर नको असेल. पण ते थांबून राहिले.

"झाडूसाठी," मी म्हणाले.

"मोठ्याने."

"झाडूसाठी, सर."

कोणीतरी हसलं. हात खाली घ्यायला मला कोणी सांगितलं नाही. राउंड पुढच्या खाटेकडे गेला तरी मी तशीच उभी. शेवटी एका पेशंटची सासू म्हणाली, बाई, हात खाली घे आता.

माझा गुन्हा एवढाच. चार नंबरच्या बाळंतिणीचा सलाईनचा हात मला गरम लागला आणि मी डॉक्टरांना तसं सांगितलं. सुई कालच लावली होती, त्यामुळे त्यांच्या पुस्तकात तो हात अजून सुजायचा नव्हता. दुसऱ्या दिवशी तो टम्म सुजला. सुई गुपचूप बदलली गेली. 

वाशीतल्या त्या खाजगी हॉस्पिटलात मी आया होते. ऐरोलीचा पूल तेव्हा व्हायचा होता. आम्ही दिघ्याला राहायचो, आई दगडखाणीत खडी फोडायची. हॉस्पिटलात आयाबाईला मावशी म्हणायची पद्धत. मी बावीस वर्षांची, तरी साठीचे डॉक्टर मला मावशी म्हणायचे. नात्याने मावशी, पण आमच्यासाठी चहाचे कप वेगळे. आडनाव विचारून झाल्यावर दुसऱ्याच दिवशी ते वेगळे झाले होते.

सकाळी पेशंटचं अंग पुसायचं काम माझं. डॉक्टर कागद बघायचे, सिस्टर बाटली बघायची. हात माझ्या हातात असायचा. तीन वर्षांत मला कळायला लागलं. सुई कोपराच्या वळणात असली की हात हलतो आणि शीर दुखावते. पिवळं औषध जाळत जातं. म्हाताऱ्या माणसाची शीर दोन दिवससुद्धा धरत नाही. आधी सुईच्या वरची वीतभर कातडी गरम लागते, मग लाली येते, मग शीर परकराच्या नाडीसारखी कडक होते. लाली सगळ्यांना दिसते. गरमपणा तिच्या एक दिवस आधी येतो, आणि तो डोळ्याला दिसत नाही. हे मला कोणी शिकवलं नाही, म्हणून ते कोणाच्या हिशेबी ज्ञान नव्हतं.

आणि एक गुरुवारची रीत होती. राउंडला वॉर्ड चकाचक दिसला पाहिजे. मग सुईवरच्या मळक्या चिकटपट्टीवर नवी पांढरी पट्टी मारायची. जुनी काढायची नाही, वेळ जातो. वरून नवी. पट्ट्या कापून ट्रॉलीच्या कडेला चिकटवून ठेवायचं कामही माझंच.

त्या अपमानानंतर दोन आठवड्यांनी एक आजी आली. खाडीकाठच्या गावची, जुलाब-उलट्यांनी गळून गेलेली. ती मला मावशी म्हणाली नाही. बाय म्हणाली. माझी आई काय करते ते विचारलं, आपले तळवे दाखवले आणि म्हणाली, "माजे पन हात मिठानं खाल्ले गो." मिठागरात जन्म गेला होता तिचा. जुलाब थांबले, ती उठून बसायला लागली. रविवारी नातीचा साखरपुडा होता, त्याला ती घरी जाणार होती.

बुधवारी अंग पुसताना तिचा हात गरम लागला. मी बोलले नाही. गुरुवारी शीर कडक.

"बाय, हात जलतंय. सांग ना कुनाला."

मी सिस्टरकडे बघितलं. सिस्टर म्हणाली, "मावशी, टेन्शन नको देऊ. राउंड येतोय, पट्ट्या दे."

मला तो वर धरलेला हात आठवला. ते हसू आठवलं.  मी भित्री होते, दुसरं काही नाही. मी चार पट्ट्या कापल्या आणि सिस्टरच्या हातात एकेक देत गेले. लाली झाकली गेली. डॉक्टर आले, छान म्हणाले, पुढे गेले.

शनिवारी आजीला थंडी वाजून ताप चढला. रक्तात जंतू गेले, असं सिस्टर कुजबुजली. सोमवारी आजी गेली. कागदावर कारण म्हणून वय आणि अशक्तपणा लिहिलं. सुई नसती तरी ती गेली असती, असं मी स्वतःला कितीदा सांगून बघितलं. पटत नाही. आज मुलीच्या वह्यांना कव्हर घालताना चिकटपट्टी कापते, तरी बोटांना तो गरमपणा लागतो. सांग ना कुनाला. ती कण्हत नव्हती, हळूच म्हणाली होती. म्हणून ते जास्त ऐकू येतं.

पुढच्या गुरुवारी सहा नंबरला कॉलेजातली एक मुलगी होती. तिचा हात गरम. सिस्टरने पट्टी मागितली. मी कात्री खिशात घातली. राउंड आला, तशी मी मुलीच्या हातावरची जुनी पट्टी अलगद उचलून धरली.

"परत तू?" डॉक्टर म्हणाले.

या वेळी त्यांनी सांगायच्या आधी मीच हात वर केला.

"हा हात झाडूसाठी आहे, सर. पण आजीचा हात याला कळला होता. मी बोलले नाही, ती गेली. हिची शीर उद्या सुजेल. सुई आज काढा."

"आणि नाही सुजली तर?"

"तर मला काढा."

त्यांनी अंगठ्याने शीर दाबली. मुलगी कळवळली. सुई निघाली. आणि संध्याकाळी ऑफिसातून मला निरोप आला, उद्यापासून येऊ नकोस. सुई काढली, मलाही काढलं.

मी दुसरं हॉस्पिटल धरलं, मग तिसरं, आता हे चौथं. प्रत्येक ठिकाणी सकाळी प्रत्येक हात हातात घेते. गरम लागला की मोठ्याने सांगते, पेशंटच्या माणसांना ऐकू जाईल असं. तीनदा नोकरी गेली. चौथ्यांदा जाईल. जाऊ दे. जुन्या पट्टीवर नवी पट्टी मी मारणार नाही.