सहा नंबरचा पाय

आमच्या वन्संच्या पायांना मी बारा वर्षं नावं ठेवली. आता ठेवत नाही, आणि दुसऱ्या कोणी ठेवली तर त्याची खैर नाही. मधे काय घडलं ते सांगते.

लग्न होऊन या घरात आले तेव्हा दाराशी पहिली नजर गेली ती एका बुटांच्या जोडीवर. उजव्या पायाचा निळा, डाव्या पायाचा पांढरा, आणि दोन्ही नुकतेच काढलेले, अजून गरम. मला वाटलं, घरात कोणीतरी वेंधळं आहे. नवऱ्याला हळूच विचारलं तर तो म्हणाला, "ताईचे आहेत. तिचं कामच आहे ते." वेंधळेपणाचा पगार मिळतो हे मला तोवर माहीत नव्हतं.

वन्सं बुटांच्या कारखान्यात कामाला आहेत. पुढे मीही तिथेच लागले, पण मी परत आलेल्या मालावर, म्हणजे गिऱ्हाइकाने चिडून पाठवलेले खोके उघडायचे आणि आतली चिठ्ठी वाचायची. वन्संचं काम त्याच्या अगदी दुसऱ्या टोकाला. कारखान्याचा एक बूट फार चालतो. धावणाऱ्यांसाठीचा, टाचेखाली जाड मऊ फोम असलेला. त्याचं कागदोपत्री नाव काहीतरी भारदस्त आहे, पण आत सगळे त्याला 'गादी' म्हणतात. पुस्तकाच्या आवृत्त्या निघतात तशा या गादीच्या निघतात. गादी एक, गादी दोन, असं करत सहापर्यंत मजल गेली होती, आणि त्या सहाही गाद्या बाजारात जाण्याआधी पहिल्यांदा वन्संच्या पायात गेल्या होत्या.

का, तर पाय. पंधरा वर्षांपूर्वी वन्सं शिलाई मशीनवर होत्या. एक दिवस सगळ्या बायकांना आवारात रांगेत उभं करून पाय मोजले. नव्या बुटाचा नमुना फक्त सहा नंबरात बनवतात, बाकीचे सगळे नंबर त्यावरूनच लहान-मोठे करतात. त्यामुळे त्यांना काट्यावर सहा नंबरचा पाय हवा होता, ना इकडे ना तिकडे. पन्नास-साठ बायकांत तसा एकच निघाला. फर्मेकाकांनी वन्संना खाकी कागदावर उभं केलं आणि पेन्सिल फिरवून दोन्ही पायांची आकृती काढली. फर्मा म्हणजे ज्यावर बूट चढवून घडवतात तो पायाचा साचा. काका ते साचे घासायचे, भरायचे, राखायचे. त्यांनी एक आकृती स्वतःकडे ठेवली आणि दुसरी वन्संना दिली. वन्संनी ती घरी आणून कपाटात साड्यांच्या तळाशी सपाट ठेवली. लोक पदवीचा कागद ठेवतात तशी.

त्यांची परीक्षा बघण्यासारखी असे. सकाळी भोंग्याआधी आवारात जायचं. एका पायात जुनी गादी, दुसऱ्यात नवी. कुंपणाला धरून चार फेऱ्या. मग बूट बदलून जुनीच्या जागी नवी, नवीच्या जागी जुनी, आणि पुन्हा चार. पाण्याच्या टाकीच्या जिन्यावरून वर-खाली. मग दहा मिनिटं नुसतं उभं राहायचं, कारण दुकानातला माणूस धावून बघत नाही, उभा राहून बघतो. संध्याकाळी तेच पायात घालून घरापर्यंत चालत यायचं. हे आठ-दहा दिवस चाललं की वहीत लिहायचं: टाच, कमान, चवडा, बोटं, लेस. खाली सही. त्या सहीशिवाय गादी पुढे सरकत नसे. आणि सही झाली की तोच जोड करवतीवर उभा चिरत, आतला फोम किती दबला ते बघायला. म्हणजे पंधरा वर्षं बूट घालूनही वन्संच्या मालकीचा त्यातला एकही नाही.

जेवताना आम्हाला गाद्यांची पुराणं ऐकावी लागत. गादी एक म्हणजे नवी सासू, वरून मऊ आणि आतून कडक. स्वतःला सासू नसलेली बाई हे कशाच्या जोरावर बोलत होती कोण जाणे. गादी दोन इतकी मऊ की पाय टेकला की नाही तेच कळेना, वळणावर घोटा लचकायचा. वन्संनी तिला तीनदा परत पाठवलं. गादी तीन हा त्यांचा जीव. "ती पाय घेते आणि परत देते," असं म्हणताना त्यांचा चेहरा असा होई की माझा नवरा ताटात बघत बसे. चार नंबरची टाच उगाच उंच. पाच नंबरचा फोम हलका, पण महिन्याभरात बसला. वन्संनी वहीत लिहिलं होतं, 'दिसायला तरुण, महिन्यात म्हातारी होईल,' तरी वरच्यांनी त्या एका वेळी सहीची वाट न बघता घाईघाईने काढली आणि माझ्या टेबलावर खोक्यांचा डोंगर झाला. गादी सहा मात्र सगळ्यांत जास्त खपली.

"पायाचं एवढं कौतुक मी कुठे पाहिलं नाही," मी म्हणायचे. "लोकांची डोकी चालतात, आमच्या घरात पाय चालतात."

"चालतात ना? मग घर चालतंय," वन्सं म्हणायच्या आणि भात वाढून घ्यायच्या.

सहा खपत असतानाच माझ्या टेबलावर वेगळ्या चिठ्ठ्या यायला लागल्या. फोमची तक्रार नाही, शिलाईची नाही. 'चवड्यात पाय खेळतो.' 'उतारावर बोटं पुढे आपटतात.' लिहिणारी बहुतेक तरुण, आणि कित्येकांनी लिहिलं होतं की आधीच्या गाद्या अशा नव्हत्या. मी चिठ्ठ्या वर पाठवल्या. गादी सात तयार होत होती, म्हणून एक नवीन इंजिनिअर मुलगी आली होती. तिच्या तोंडी सतत एकच शब्द, त्यामुळे आठवड्याच्या आत तिचं नाव मिलीमीटर पडलं. तिने फर्म्यांच्या खोलीतून सहाही गाद्यांचे साचे काढले, ओळीने मांडले आणि मोजले. हे आजवर कोणी केलं नव्हतं. दोनची तुलना एकशी झाली होती, तीनची दोनशी, सहाची पाचशी. सहाची एकशी तुलना करायची कोणाला गरजच वाटली नव्हती. मिलीमीटरला दिसलं ते असं: दर गादीगणिक चवडा मिलीमीटरभर रुंद होत गेला होता, आणि एकापासून सहापर्यंत मिळून पाच मिलीमीटर.

आता फर्मे कोणाच्या हातात, तर काकांच्या. रजिस्टरमध्ये कारण नाही, नुसतं 'ठीक केलं' आणि काकांची सही. काकांना चष्मा लागून बरीच वर्षं झाली होती आणि निवृत्तीला दोन महिने उरले होते. शुक्रवारी दुपारपर्यंत साऱ्या कारखान्यात एकच बोलणं: म्हाताऱ्याची नजर गेली, हात बहकला. साहेबांनी सोमवारची बैठक ठरवली. त्या शुक्रवारी संध्याकाळी काकांनी एकेक साचा पुसून परत फळीवर लावला.

रविवारी सकाळी मी भांडी घासत होते. वन्सं कपाटातला खाकी कागद घेऊन स्वयंपाकघरात आल्या, जमिनीवर पसरला, शेजारी दुसरा कोरा ठेवला आणि त्यावर अनवाणी उभ्या राहिल्या.

"पेन्सिल घे. सरळ धर, तिरकी नको," म्हणाल्या.

मी हात पुसून खाली बसले. बारा वर्षांत त्यांचा पाय इतक्या जवळून बघितला नव्हता. टाचेला भेगा, करंगळी आत वळलेली, अंगठ्याच्या मुळाशी हाड पुढे आलेलं. मी सावकाश पेन्सिल फिरवली. मग वन्संनी दोन्ही कागद उचलले, एकावर एक ठेवले आणि खिडकीच्या काचेला लावले. मागून ऊन येत होतं. टाचा जुळत होत्या, कमान जुळत होती. चवड्याला मात्र नवी रेघ जुन्या रेघेच्या बाहेर, दोन्हीकडून.

वन्संनी बाहेरच्या रेघेवरून बोट फिरवलं.

"दरवेळी मी लिहिलं, चवड्याला आवळतो," त्या म्हणाल्या. "काकांनी दरवेळी साच्यावर चामड्याची पट्टी चिकटवून तो भरला. बूट आवळत नव्हता गं. पाय पसरत होता."

मला आधी हसू आलं. पंधरा वर्षं धावून धावून बाईचा पाय पसरला आणि तिच्यापाठोपाठ हजारो लोकांचे बूट रुंद झाले. मग त्यांचा चेहरा बघितला आणि हसू विरलं.

"हे कोणाला सांगू नका," मी म्हटलं. "काका तसेही जाणारच आहेत. तुमची अजून सात वर्षं आहेत. पाय सहा नंबरचा नाही म्हटल्यावर तुम्हाला तिथे कोण ठेवेल?"

हे मी बोलले. लपवून काय करू. मला घराची काळजी होती, आणि काकांचं मी काय देणं लागत होते.

"काका जाणारच आहेत," वन्सं म्हणाल्या. "म्हणून तर. जाताना काय घेऊन जातील? आंधळा म्हणून?"

"तुम्ही मुद्दाम थोडंच केलंय?"

"त्यांनीही नाही केलं."

मी भांडी जरा जोरातच आपटली.

सोमवारी बैठकीला चिठ्ठ्यांचा गठ्ठा घेऊन मीही होते. साहेब, मिलीमीटर, दाराजवळच्या खुर्चीवर काका, टोपी मांडीवर. मिलीमीटरने आकडे वाचले. मुलगी वाईट नव्हती, वाचताना काकांकडे बघत नव्हती. साहेब काकांना काही विचारणार इतक्यात वन्सं उठल्या. दोन्ही कागद घेऊन सरळ खिडकीकडे गेल्या आणि काचेला लावले.

"आतला कागद पंधरा वर्षांपूर्वीचा. काकांच्या हातचा. वरचा कालचा," त्या म्हणाल्या. आवाज जराही हलला नाही. "साचा बरोबर आहे साहेब. तो माझ्या पायाला बरोबर आहे. माझा पाय सहा नंबरचा राहिला नाही आणि माझ्या ते लक्षात आलं नाही. मी सांगत गेले तसं काका करत गेले. माझ्या वहीत तारखेनिशी आहे."

मिलीमीटर उठली, खिशातून पट्टी काढली आणि दोन रेघांमधलं अंतर मोजलं. तिने ओठ हलवले, पण आकडा बोलायची गरज नव्हती.

"हे तुम्ही स्वतःहून सांगताय?" साहेबांनी विचारलं.

"मग कोण सांगणार? पाय माझा आहे."

काकांनी चष्मा काढला आणि टोपीने पुसत राहिले. मला तेव्हा जे वाटलं ते सरळ सांगते. माझी छाती फुगली. आदल्या दिवशी गप्प बसा म्हणून सांगणारी मीच, आणि तरी त्या खोलीतल्या सगळ्यांना ओरडून सांगावंसं वाटलं की ही बाई माझ्या घरात राहते, माझ्या हातचा चहा पिऊन आली आहे.

वन्संचं नमुन्याचं काम त्याच दिवशी गेलं. चाळिशी-पन्नाशीच्या गिऱ्हाइकांच्या चिठ्ठ्याही माझ्या गठ्ठ्यात होत्या, 'पहिल्यांदाच बूट चवड्याला लागत नाही' म्हणणाऱ्या. परत आलेल्या मालात त्या कशा, तर लेस तुटली म्हणून खोका पाठवताना कौतुकही लिहिलेलं. मिलीमीटरने त्या वेगळ्या काढल्या आणि गादी सात दोन मापांत निघाली: एक पंधरा वर्षांपूर्वीच्या कागदावरून, एक रविवारच्या. शिलाईवरून सहा नंबरच्या पायाची नवी मुलगी आणली, आणि तिला शिकवायला कोण, तर वन्संच. दिवसभर तिच्याबरोबर आवारात फेऱ्या घालत असतात. पहिला नियम त्यांनीच घातला. नवा बूट पायात घालण्याआधी खाकी कागदावर उभं राहायचं. आधी कागद, मग बूट. मिलीमीटरने तो टाइप करून भिंतीवर लावला आहे.

काका गेले त्या दिवशी त्यांनी फर्म्यांच्या खोलीत वन्संना बोलावलं. मी मागोमाग गेलेच. फळीवरून त्यांनी कापडात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. लाकडाचे दोन साचे, डावा आणि उजवा, हाताने घासलेले. करंगळी आत वळलेली, अंगठ्याच्या मुळाशी हाड पुढे आलेलं. वन्संनी ते उलटे केले. साच्याच्या तळाला नंबर असतो, इथे कोरं होतं.

"नंबर टाकला नाही," काका म्हणाले. "टाकायला गेलो, पण कुठल्याच नंबरात बसेना."

वन्संनी साचे पुन्हा कापडात गुंडाळले. ते गाठोडं त्यांनी वाटेत माझ्याकडेही दिलं नाही.

आता ते साचे बाहेरच्या खोलीत फळीवर आहेत. पुसायचं काम माझं, मी ते कोणाला करू देत नाही. काकांनी त्या साच्यांवर एक जोड करून घ्यायला सांगितलं होतं आणि मिलीमीटरने तो करवला. वन्संच्या मालकीचा पहिला. तो दाराशी असतो, डावा-उजवा एकाच रंगाचा. घरात आलेला पाहुणा बूट काढतो, मान वर करतो आणि फळीकडे बोट दाखवून हमखास विचारतो, हे कसले लाकडी पाय. वन्सं उठून आत जातात. मी मात्र खुर्ची पुढे सरकवते आणि म्हणते, "आमच्या वन्संचे आहेत. बसा, सांगते."