पिवळा वीरगळ
ऑइलपेंटचा वास आला की सेनगावकडची ती शाळा आठवते. पटांगणाच्या कडेला वीरगळ होता, लढाईत पडलेल्या कुणाचा तरी कोरीव दगड. ‘इतिहासाची साधने’ शिकवायला मी पोरांना त्याच्यासमोर बसवलं. त्यांनी बोटं फिरवत ढाल, घोडा, चंद्र-सूर्य शोधले. दुसऱ्याच दिवशी, तपासणीला साहेब येणार म्हणून, इतिहासात एम.ए. झालेल्या आमच्या मुख्याध्यापकांनी तो पिवळाजर्द रंगवला आणि त्यावर लाल अक्षरांत लिहून घेतलं : ‘भौतिक साधन’. तांड्यावरची एक पोरगी म्हणाली, “सर, घोडा काहून बुजवला?” “गप बस, साहेब येऊन राहिले!” ते खेकसले. साहेबांनी खूश होऊन दगडाशेजारी फोटो काढून घेतला. त्या दोन गाढवांची मला अजून किळस येते. पण ती लाल अक्षरं माझ्या हातची. शाळेत माझंच अक्षर चांगलं होतं.