ओल्या शाईचा नकाशा

घरातला पहिला पदवीधर मी, कुंडलहून सांगलीच्या नगररचना ऑफिसात लागलो. कॉम्प्युटर अजून यायचा होता. शेजारी एक ड्राफ्ट्समन बसत; नकाशावर शाईची रेघ ओढताना ते श्वास रोखत आणि रेघ संपली की "हां गड्या" म्हणत.

माधवनगरजवळ बँका-कचेऱ्यांचं नवं शहर व्हायचं होतं. नकाशात त्याचं सांडपाणी शेजारच्या वस्तीतून जात होतं, पण नळाची लाईन वस्तीच्या अलीकडंच संपत होती.

"अहो, वरच्या ऑफिसला जायची जीप थांबलीय. नकाशा द्या," साहेब म्हणाले.

"घाण वस्तीच्या दारात आन् पाणी न्हाई? आसं कसं, साहेब?"

असं म्हणत ड्राफ्ट्समननी ब्लेडनं लाईनच्या शेवटाची खूण खरवडली आणि रेघ वस्तीपर्यंत नेली.

"वर उत्तर कोण देणार?" साहेब चिडले.

"मी येतो की जीपमधनं, मीच देतो."

शाई ओली होती. नकाशा दोन्ही हातांवर आडवा धरून ड्राफ्ट्समन निघाले. मी उठून दार उघडलं.